मराठी वाक्यांच्या आंतररचनेचे विश्लेषण : प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

आजपासून कामाला रीतसर सुरुवात झाली. मराठी वाक्ये घ्यायची, प्रत्येक वाक्यातील क्रियापद आणि त्याच्याशी बांधलेली पदे वेगळी काढायची, आणि प्रत्येक पदाचा क्रियापदाशी असलेला अर्थसंबंध तक्त्यात नोंदवायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. विभक्तीचा प्रत्यय आणि क्रियापदाचे लिंग-वचन जिथे डोळ्यांना दिसतात ती बाह्यरचना. कोण करतो, कशावर करतो, कशाने करतो आणि अनुभव कोणाला येतो हे जिथे ठरते ती आंतररचना. वाक्ये वर्तमानपत्रांतून, जुन्या शालेय पुस्तकांतून आणि आमच्या स्वतःच्या बोलण्यातून घेतली जातील. नोंदी मी आणि साताऱ्याकडची एक सहकारी करणार असून मतभेद झाल्यास निर्णय आमच्या मार्गदर्शक बाई देतील.

आंतररचना ही संकल्पना आज का वापरायची, असा प्रश्न बाईंनी पहिल्याच बैठकीत विचारला, आणि तो रास्त होता. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ मध्ये रचनांतरणांचे, म्हणजे एका वाक्यरचनेतून दुसरी तयार करणाऱ्या नियमांचे, व्याकरण मांडले आणि १९६५ च्या ग्रंथात आंतररचना व बाह्यरचना ही जोडी पक्की केली. १९६४ मध्ये कॅट्झ आणि पोस्टल यांनी असा दावा केला होता की वाक्याचा अर्थ सर्वस्वी आंतररचनेतून ठरतो आणि रचनांतरणामुळे तो बदलत नाही. पुढे हा दावा डळमळीत झाला. १९९५ च्या किमानतावादी मांडणीत तर चॉम्स्की यांनी आंतररचना ही स्वतंत्र पातळीच काढून टाकली. सिद्धान्तातून पातळी गेली तरी ती ज्या अडचणीसाठी आणली होती ती अडचण भाषेतून गेलेली नाही. ‘कापायची भाजी’ आणि ‘कापायची सुरी’ यांचा साचा अक्षरशः एक आहे. एकीत नाम हे कर्म आहे, दुसरीत करण, म्हणजे क्रियेचे साधन. हा भेद कुठेतरी नोंदवावाच लागतो, आणि आम्ही तो ज्या रकान्यात नोंदवणार आहोत त्याला आंतररचना हेच नाव ठेवणे सोयीचे आहे.

एक नियम आजच ठरला. तक्त्यात नुसता निर्णय लिहायचा नाही. तो कोणत्या कसोटीवर घेतला हे शेजारच्या रकान्यात लिहायचे. कसोटी नसेल तर तो रकाना रिकामा ठेवायचा.

११ जानेवारी

‘ने’ प्रत्ययापासून सुरुवात केली, आणि दिवस तिथेच गेला.

‘मुलाने दार उघडले’, ‘वाऱ्याने दार उघडले’, ‘किल्लीने कुलूप उघडले’ या तीन वाक्यांचा बाह्य साचा एकच आहे : तृतीयेतले पद, प्रथमेतले पद आणि प्रथमेतल्या पदाशी जुळणारे भूतकाळी क्रियापद. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिल्मोर यांनी १९६८ च्या निबंधात इंग्रजीतील दार उघडण्याच्या वाक्यांवरून हीच चर्चा केली होती. तिथे करणारा आणि साधन दोघेही कर्त्याच्या जागी येऊन बसतात, हा प्रश्न होता. मराठीत गुंता वेगळ्या ठिकाणी आहे. सकर्मक भूतकाळात कर्ता ‘ने’ घेतो आणि साधनही ‘ने’ घेते. शिवाय ‘उघडणे’ हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. त्यामुळे ‘वाऱ्याने दार उघडले’ या वाक्यात वारा हा सकर्मक क्रियेचा कर्ता आहे, की दार आपोआप उघडण्याच्या क्रियेचे कारण आहे, हे वाक्याकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही.

कसोटी वर्तमानकाळाची. वर्तमानकाळात कर्त्याचा ‘ने’ गळतो, साधनाचा गळत नाही. ‘मुलाने दार उघडले’ याचे ‘मुलगा दार उघडतो’ होते. ‘मुलाने दार उघडते’ असे कोणी म्हणणार नाही. ‘वाऱ्याने दार उघडले’ याचे मात्र ‘वाऱ्याने दार उघडते’ हेच सहज होते. ‘वारा दार उघडतो’ हे चुकीचे नाही, पण त्यात वाऱ्याला हात फुटल्यासारखे वाटते. किल्लीचेही तसेच : ‘या किल्लीने कुलूप उघडते’. म्हणून मुलगा कर्ता, किल्ली करण, आणि वारा कारण असे नोंदवले. वाऱ्याच्या ओळीवर प्रश्नचिन्ह ठेवले आहे.

ज्या क्रियापदांना सकर्मक-अकर्मक अशी वेगळी रूपे आहेत तिथे हा घोळ होत नाही. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे या जोड्यांत धातूच सगळे सांगून टाकतो. ‘दगडाने काच फुटली’ हे वाक्य पूर्ण आहे. ‘दगडाने काच फोडली’ ऐकले की मराठी कान लगेच विचारतो, कोणी? इथे कर्ता गाळलेला आहे आणि तक्त्यात तो भरला पाहिजे. प्राग येथील चेक वाक्यांच्या वृक्षकोशात (वाक्यांची रचना झाडासारख्या आकृतीत मांडणाऱ्या संग्रहात) आंतरस्तर वेगळा ठेवून गाळलेल्या पदांसाठी तिथे स्वतंत्र गाठी घालण्याची पद्धत आहे. तीच आम्ही उचलली. गाळलेल्या पदाच्या जागी गोल कंस काढून त्यात ‘तो’, ‘ती’, ‘कोणीतरी’ यांपैकी एक लिहायचे.

आणखी एक कसोटी सहकारीने सुचवली. प्रथमपुरुषी सर्वनामाला प्रमाण मराठीत कर्ता म्हणून ‘ने’ लागत नाही : ‘मी दार उघडले’. तेच सर्वनाम कर्तेपणाच्या बाहेर गेले की ‘माझ्याने’ होते : ‘माझ्याने दार उघडत नाही’. म्हणजे ‘मी’ आणि ‘माझ्याने’ यांतील निवड आंतररचनेतला भेद उघड करते. ही कसोटी माणसांपुरतीच चालेल, वाऱ्याला लावता येणार नाही, हे उघड आहे. ग्रामीण बोलीत ‘म्या केलं’ असे म्हणतात आणि जुन्या मराठीत ‘म्यां’ होतेच; त्या बोलींत कर्त्याचे रूप वेगळे दिसते, म्हणून बोलीतली वाक्ये वेगळ्या पानावर घेतली आहेत.

१२ जानेवारी

‘तू पोळी खाल्लीस’ या प्रकाराची वाक्ये आटोपली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कोणालाही हा कर्तृ-कर्म संकर प्रयोग माहीत असतो. ‘खाल्ली’ हा भाग पोळीच्या लिंगाशी जुळतो, शेवटचा ‘स’ ‘तू’शी जुळतो. कर्ता कोणता आणि कर्म कोणते याबद्दल वाद नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की क्रियापद एकाच वेळी दोन पदांशी जुळू शकते, आणि म्हणून ‘क्रियापद ज्याच्याशी जुळते तो कर्ता’ ही कसोटी मराठीत पहिल्याच पायरीवर निकामी होते. ती तक्त्याच्या कसोट्यांतून काढून टाकली.

१७ जानेवारी

‘मला आंबा आवडतो’. या एका जातीच्या वाक्यांवर मराठी, हिंदी आणि एकूणच दक्षिण आशियातील भाषांच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे, त्यामुळे नव्याने काही सापडेल अशी अपेक्षा नव्हती. तरीही प्रत्येक ओळीला निर्णय द्यायचाच आहे.

पाणिनीचा निर्णय स्पष्ट आहे. ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’ (१.४.३३) या सूत्रानुसार रुचणे या अर्थाच्या क्रियापदांबरोबर ज्याला आवडते तो संप्रदान, म्हणजे एरवी ज्याला काही दिले जाते त्याचे नाते. काशिका या पाणिनीवरील टीकेतील उदाहरण ‘देवदत्ताय रोचते मोदकः’ : रुचतो तो मोदक कर्ता, देवदत्त संप्रदान. मराठी बाह्यरचना याला पूर्ण अनुकूल आहे, कारण ‘आवडतो’ आंब्याशी जुळते आणि ‘मला’ चतुर्थीत आहे. हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेत पाणिनीय चौकटीवर उभारलेल्या नोंदपद्धतीत मात्र अशा पदाला संप्रदानाच्या खाली ‘अनुभव-कर्ता’ अशी वेगळी खूण दिली आहे. नावातच तडजोड दिसते.

आम्ही कसोट्या लावल्या. पहिली ‘आपला’ची. ‘सुनीताने मंदाला आपली खोली दाखवली’ यात खोली सुनीताची. मंदाची असूच शकत नाही. म्हणजे ‘आपला’ कर्त्याकडे वळतो आणि खऱ्या संप्रदानाकडे वळत नाही. आता ‘सुनीताला आपली खोली आवडते’ : खोली सुनीताचीच. मंदाला जे जमले नाही ते इथे चतुर्थीतल्या सुनीताला जमले. दुसरी कसोटी ‘-ऊन’ या रूपाची. ‘सुनीताने घरी येऊन मंदाला पुस्तक दिले’ यात घरी आली ती सुनीता. ‘पत्र वाचून तिला रडू आले’ यात पत्र वाचणारी आणि रडू येणारी एकच, आणि ती चतुर्थीत आहे. ‘गोष्ट ऐकून मुलांना हसू आले’ हेही तसेच. दोन्ही कसोट्यांवर अनुभव घेणारे पद कर्त्यासारखे वागते.

तेव्हा विभक्ती आणि क्रियापदाची जुळणी एक सांगतात, ‘आपला’ आणि ‘-ऊन’ दुसरे सांगतात. आमच्या रकान्यात ‘अनुभवकर्ता’ हीच खूण घेतली. आंब्याला काय म्हणायचे ते अजून ठरलेले नाही. तूर्त ‘विषय’ लिहिले आहे.

मात्र सगळीच चतुर्थी-वाक्ये इतकी सरळ नाहीत. ‘आईला मुलगी आपल्या घरी दिसली’ या वाक्यात घर आईचे की मुलीचे? आम्हा दोघींना दोन्ही अर्थ लागले. ‘दिसणे’ या क्रियापदाबरोबर ‘आपला’ची कसोटी दोन्हीकडे वळते, म्हणून ‘दिसणे’, ‘भेटणे’, ‘सापडणे’ यांच्या ओळींत ती वापरायची नाही असे ठरवले.

‘आपला’चा आणखी एक उपद्रव आहे. ‘आपली खोली’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा या दोघांची खोली असाही अर्थ होतो, आणि आदरार्थी ‘आपली’ म्हणजे समोरच्याची. कसोटीचे वाक्य नेहमी तृतीयपुरुषी घ्यावे आणि आधी एक वाक्य संदर्भाचे ठेवावे, म्हणजे हे दोन अर्थ मध्ये येत नाहीत.

१९ जानेवारी

बाईंनी ‘-ऊन’च्या कसोटीवर बोट ठेवले, आणि बरोबर ठेवले. त्यांनी सकाळच्या वर्तमानपत्रातील मथळा वाचून दाखवला : ‘ट्रक उलटून दोघे जखमी’. उलटला ट्रक, जखमी झाली माणसे; दोन क्रियांचे कर्ते वेगळे. ‘पाऊस पडून रस्ते निसरडे झाले’, ‘विजेचा धक्का लागून गाय मेली’ हेही तसेच. मग ‘-ऊन’मुळे कर्ता एकच असतो असे कसे म्हणायचे?

दुपारभर वाक्ये जमवली आणि असे दिसले की या सर्व ठिकाणी दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिली क्रिया दुसरीचे कारण आहे आणि दोन्हीपैकी कोणतीही कोणी जाणूनबुजून केलेली नाही. शिवाय ‘-ऊन’च्या क्रियेचा कर्ता वाक्यात उच्चारलेला आहे. ‘पत्र वाचून तिला रडू आले’ मध्ये वाचणारी व्यक्ती उच्चारलेली नाही, आणि तरीही ऐकणारा ती शोधत बसत नाही. म्हणून कसोटी अशी घट्ट केली : ‘-ऊन’च्या क्रियेचा कर्ता गाळलेला असेल तर तो मुख्य वाक्यातील कोणत्या पदाकडून भरला जातो ते पाहावे. उच्चारलेला असेल तर कसोटी लागू नाही.

२२ जानेवारी

शेजारचे भाऊ जिन्यात भेटले असता म्हणाले, ‘बाबांना आता चालवत नाही.’ त्यांचे बाबा एकेकाळी एसटीचे चालक होते. वाक्य तिथेच टिपून घेतले, कारण ‘बाबा आता चालवत नाहीत’ असे ते म्हणाले असते तर गोष्ट पायांची राहिली नसती, गाडीची झाली असती.

‘चालव-’ हे एकच रूप दोन मार्गांनी तयार होते. एका मार्गाने ‘चालणे’चे प्रयोजक : कोणीतरी गाडी चालते असे करतो. दुसऱ्या मार्गाने शक्य क्रियापद : चालण्याची शक्ती असणे-नसणे. शालेय व्याकरण दुसऱ्याची सकर्मक रूपे शक्य कर्मणीत घालते. प्रयोजकात नवीन कर्ता येतो आणि मूळ कर्ता कर्म होतो. शक्य रूपात नवीन कोणी येत नाही, असलेला कर्ता फक्त कर्तेपणाच्या आसनावरून उतरून ‘ला’ किंवा ‘च्याने’ घेतो. ‘व’ तोच, काम जवळजवळ उलटे.

दोन्ही एकत्रही येतात : ‘बाबांना आता गाडी चालववत नाही’. इथे दोन ‘व’ शेजारी-शेजारी आहेत, आतला प्रयोजकाचा आणि बाहेरचा शक्यतेचा. बोलताना बरेच जण एक गिळतात आणि ‘गाडी चालवत नाही’ म्हणतात. तेव्हा ‘बाबांना’मधील ‘ना’ हाच एक पुरावा उरतो. ‘तिच्याने आपले ओझे उचलवत नाही’ यात ओझे तिचेच, म्हणजे ‘च्याने’ लागूनही ती ‘आपला’च्या कसोटीवर कर्तीच राहते. शक्य रूपातील पदाला आंतररचनेत सरळ ‘कर्ता’ म्हणायचे असे ठरले, ‘अनुभवकर्ता’ नाही.

‘चोर पोलिसांकडून पकडला गेला’ या नवीन कर्मणीच्या ओळी त्याच बैठकीत उरकल्या. वर्तमानपत्रात हा प्रकार वारंवार येतो, बोलण्यात फारसा नाही. पोलीस कर्ता, चोर कर्म. चर्चेला काही नव्हते.

२५ जानेवारी

‘आईला सांगायचे आहे.’

या तीन शब्दांच्या वाक्याला किमान दोन आंतररचना आहेत. आईच्या मनात काही आहे आणि ते तिला सांगायचे आहे. किंवा मला, तुला, कोणालातरी ती गोष्ट आईच्या कानावर घालायची आहे. पहिल्यात ‘आईला’ हा ‘-यचे’ या रूपाने चतुर्थीत गेलेला कर्ता, दुसऱ्यात संप्रदान, आणि कर्ता गाळलेला. गाळलेला कर्ता उच्चारला की दोन चतुर्थ्या समोरासमोर येतात : ‘मला आईला सांगायचे आहे’. आता ‘आईला डॉक्टरांना सांगायचे आहे’ हे वाक्य घ्या. बहुतेक वाचक आधी आलेल्या ‘आईला’ला कर्ता मानतील. पण ‘डॉक्टरांना, आईला सांगायचे आहे’ असे ‘आईला’वर जोर देऊन म्हटले तर कोण कोणाला सांगणार? सहकारीने डॉक्टर म्हटले, मला आई वाटली. पदक्रम इथे कल दाखवतो, निर्णय देत नाही.

‘आपला’ मदतीला येतो. ‘आईला डॉक्टरांना आपली शंका सांगायची आहे’ यात जिची शंका तीच सांगणारी. म्हणजे कसोटी दोघांपैकी कर्ता कोण हे दाखवत नाही, पण ज्याला आपण कर्ता धरले त्याच्याशीच शंका बांधली जाते हे दाखवते. आणि संप्रदान धरलेल्या पदाशी ती बांधून पाहिली की वाक्य मोडते. अशा ओळी तक्त्यात दोनदा लिहायच्या, एकेका रचनेसाठी एकदा, आणि दोन्हींना एकच क्रमांक द्यायचा. वाक्य एक असले तरी विश्लेषणे दोन आहेत हे पुढे आकडेमोड करणाऱ्याला कळले पाहिजे.

२९ जानेवारी

प्रयोजक क्रियापदे. गेल्या काही दिवसांतील सर्वांत समाधानाचे काम.

प्रयोजकात दोन करणारे असतात, करवणारा आणि प्रत्यक्ष करणारा. प्रत्यक्ष करणारा मराठीत कधी ‘ला’ घेतो, कधी ‘कडून’ : ‘आईने बाळाला दूध पाजले’, पण ‘मालकाने गड्याकडून विहीर खोदवली’. ‘मालकाने गड्याला विहीर खोदवली’ असे होत नाही आणि ‘आईने बाळाकडून दूध पाजले’ हेही होत नाही. मग कोणते क्रियापद काय घेते? आम्ही क्रियापदांची यादी करून ती अर्थानुसार लावत गेलो. ‘ला’च्या बाजूला आली ती अशी : पाजणे, भरवणे, शिकवणे, समजावणे, ऐकवणे, पळवणे, झोपवणे, बसवणे, हसवणे. ‘कडून’च्या बाजूला खोदवणे, बांधवणे, लिहवणे, करवणे.

यादी पाहून बाईंनी कपाटातून अष्टाध्यायी हा पाणिनीचा व्याकरणग्रंथ काढला आणि १.४.५२ वाचले : ‘गतिबुद्धिप्रत्यवसानार्थशब्दकर्माकर्मकाणामणि कर्ता स णौ’. गती, बुद्धी, प्रत्यवसान म्हणजे खाणे-पिणे, ज्यांचे कर्म शब्द आहे असे धातू, आणि अकर्मक धातू यांचा मूळ कर्ता प्रयोजकात कर्म होतो. इतरत्र तो तृतीयेत राहतो. आमची ‘ला’ची बाजू जवळपास याच पाच खणांची होती : पळवणे गतीत, शिकवणे बुद्धीत, पाजणे प्रत्यवसानात, ऐकवणे शब्दकर्मात, झोपवणे अकर्मकात. पॉल किपार्स्की आणि योहान फ्रेडरिक स्टाल यांनी १९६९ च्या लेखात पाणिनीची कारके (पदांचे क्रियेशी असलेले संबंध) आणि आधुनिक आंतररचना यांची सांगड घातली होती. ती सांगड इथे आमच्या घरगुती यादीवरही बसली. संस्कृतातील नियम मराठीत जसाच्या तसा उतरला असे यावरून म्हणता येत नाही, कारण ज्या कृतीत करणाऱ्याच्या स्वतःत काही बदल होतो (पोटात दूध जाते, डोक्यात धडा जातो, डोळ्यांवर झोप येते) तिथे त्याला क्रियेचे लक्ष्य मानणे हे अनेक भाषांत दिसते. पण अभ्यासाला ही वर्गवारी आयती मिळाली हे खरे.

अडचण ‘घेणे’ने केली. बोलण्यात ‘खोदवली’पेक्षा ‘खोदून घेतली’ जास्त चालते. ‘तिने शिंप्याकडून सदरा शिवून घेतला’ : शिवणारा शिंपी, घेणारी ती. म्हणजे इथे ‘-ऊन’च्या क्रियेचा कर्ता गाळलेला नाही, ‘कडून’मध्ये उच्चारलेला आहे, आणि तो मुख्य क्रियापदाच्या कर्त्यापेक्षा वेगळा आहे. आता ‘शिंप्याकडून’ काढून टाका : ‘तिने सदरा शिवून घेतला’. तिने स्वतः शिवला की दुसऱ्याकडून? दोन्ही अर्थ होतात. म्हणून ‘-ऊन घेणे’ हे एकच संयुक्त क्रियापद मानून १९ तारखेच्या कसोटीतून वगळले. तसे न करता ‘शिवून’ आणि ‘घेतला’ सुटे ठेवले असते तर तक्त्यात शिंपी कुठे बसवायचा हा प्रश्न राहिला असता.

२ फेब्रुवारी

नामाच्या आधी येणारी धातुसाधिते, म्हणजे धातूपासून बनलेली विशेषणासारखी रूपे. ‘-लेला’, ‘-णारा’ आणि ‘-यचा’ यांत नाम वाक्याबाहेर येते आणि आतल्या वाक्यात त्याची जागा मोकळी राहते. त्या मोकळ्या जागेचा कारकसंबंध कोणता, हे कोणताही प्रत्यय सांगत नाही, कारण प्रत्यय नामासकट निघून गेलेला असतो.

‘-यचा’ सर्वांत सैल. कापायची भाजी कर्म, कापायची सुरी करण, झोपायची खोली अधिकरण (क्रियेचे ठिकाण), भाकरी भाजायचा तवा पुन्हा अधिकरण (की करण? या ओळीवर अर्धा तास गेला आणि दोन्ही नोंदवले), यायचे पाहुणे कर्ता. इथे फक्त जगाचे ज्ञान उपयोगी पडते. सुरी कोणी कापत नाही, म्हणून ती करण.

‘-लेला’ त्या मानाने कडक आहे. ‘खाल्लेला आंबा’ कर्म, ‘पळालेला मुलगा’ कर्ता. ‘शिकलेला धडा’ कर्म आणि ‘शिकलेला माणूस’ कर्ता, ही जोडी मात्र वेगळी. याचे कारण ‘शिकणे’ सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याशीच जुळते : ‘ती गणित शिकली’, ‘तिने गणित शिकले’ नाही. अशी थोडीच क्रियापदे आहेत, ‘विसरणे’, ‘बोलणे’, ‘पिणे’ वगैरे, आणि त्यांच्यातही ‘प्यायलेला माणूस’ म्हटले की पाण्याचा विचार कोणी करत नाही. करण आणि अधिकरण ‘-लेला’च्या दारातून सहसा बाहेर येत नाहीत. ‘मी पत्र लिहिलेले पेन’ खटकते. ‘ज्या पेनाने मी पत्र लिहिले ते पेन’ असे जो-तोचे वाक्य करावे लागते, आणि तिथे ‘ज्या पेनाने’मधील ‘ने’ कारक उघड सांगतो. त्यामुळे कसोटी सोपी झाली : प्रत्येक धातुसाधिताचे जो-तोच्या वाक्यात रूपांतर करून पाहायचे आणि ‘जो’ला कोणता प्रत्यय लागतो ते रकान्यात लिहायचे.

‘-ताना’ची वाक्ये याच पानावर घेतली. ‘मी तिला घरी जाताना पाहिले’ : घरी कोण जात होते, मी की ती? दोन्ही. ‘मी घरी जाऊन तिला पाहिले’ : फक्त मी. ‘-ऊन’ गाळलेला कर्ता मुख्य वाक्याच्या कर्त्याकडूनच भरून घेतो, ‘-ताना’ कर्माकडूनही घेतो. ही वाक्येही दोनदा लिहायची.

७ फेब्रुवारी

आज तक्त्याची मर्यादा दिसली.

‘प्रत्येक मुलाने एक कविता पाठ केली’ आणि ‘एक कविता प्रत्येक मुलाने पाठ केली’. कर्ता तोच, कर्म तेच, कसोट्या त्याच, आणि आमच्या तक्त्यात दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या. अर्थ मात्र सारखा नाही. पहिल्यात दर मुलाची कविता वेगळी असू शकते. दुसऱ्यात ती बहुधा एकच. फक्त पदक्रम बदलला आणि अर्थ सरकला, म्हणजे कॅट्झ-पोस्टल यांचा दावा इथे टिकत नाही. चॉम्स्की यांना ही गोष्ट आधीच दिसली होती : १९५७ च्या ग्रंथातच त्यांनी खोलीतील प्रत्येकाला किमान दोन भाषा येतात या अर्थाचे वाक्य घेऊन कर्तरी आणि कर्मणी रूपे समानार्थी असतीलच असे नाही, असे दाखवले होते. पुढे १९७० च्या दशकात अर्थाचा काही भाग बाह्यरचनेतून ठरतो हे त्यांनी मान्य केले.

नकाराची वाक्येही इथेच आली. ‘सगळे आले नाहीत’ म्हणजे काही आले, काही नाही, असा अर्थ मला आधी लागतो; पण लग्नघरी पाहुण्यांची वाट पाहून कंटाळलेला माणूस तेच वाक्य ‘कोणीच आले नाही’ या अर्थाने म्हणू शकतो. नकाराची व्याप्ती ‘सगळे’च्या बाहेर की आत, हे कारकांच्या रकान्यात लिहिण्याची सोयच नाही.

बाईंनी व्याप्तीसाठी वेगळा रकाना सुचवला. तो कारकांच्या रकान्यांपेक्षा वेगळ्या रंगात ठेवला आहे, म्हणजे तो आंतररचनेचा भाग आहे असा गैरसमज होणार नाही. ‘च’ लागलेली पदे (‘मुलानेच’, ‘कविताच’) त्यात तूर्त घेतलेली नाहीत.

९ फेब्रुवारी

वाऱ्याच्या ओळीवरील प्रश्नचिन्ह आज काढले. सहकारीने ‘-ऊन’ची कसोटी लावून पाहिली : ‘खिडकीतून आत येऊन वाऱ्याने दार उघडले’. आत येणारा वारा आणि दार उघडणारा वारा एकच, आणि वाक्य स्वाभाविक आहे. भूतकाळात वारा कर्त्यासारखा वागतो, आणि ‘वाऱ्याने दार उघडते’ या वर्तमानकाळी वाक्याला तीच कसोटी लावली (‘आत येऊन वाऱ्याने दार उघडते’) तर ते लंगडते. म्हणजे ‘वाऱ्याने दार उघडले’ हे वाक्य दोन रचनांचे आहे, एकीत वारा कर्ता, दुसरीत कारण; ते ‘आईला सांगायचे आहे’प्रमाणे दोनदा लिहिले. ‘किल्लीने’ची ओळ मात्र तशीच ठेवली, कारण किल्लीला ‘-ऊन’ लावताच वाक्य बालकथेत जाते. ‘पाण्याने हंडा भरला’ आणि ‘पैशाने माणूस बदलला’ या ओळी सोमवारी याच कसोटीखाली घ्यायच्या आहेत. ‘भरणे’ आणि ‘बदलणे’ हीदेखील ‘उघडणे’प्रमाणे दुहेरी क्रियापदे आहेत.